नंदीच्या पोटापर्यंत

हिंगणहाळ गावातून बाहेर पडायला एकच रस्ता आहे आणि तो ओढ्यावरच्या फरशी पुलावरून जातो. या पुलाच्या मधल्या खांबावर, रस्त्याच्या पातळीच्या दोन हात खाली, पांढऱ्या रंगाची एक रेघ आहे. पाणी त्या रेघेला लागायच्या आत गाव रिकामे झाले पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. ती काशप्पाने ओढली. दर वर्षी मृगाच्या आधी तो तिच्यावर नवा रंग देतो, आणि रोज सकाळी ती पाहायला जातो. वैशाखात ओढ्यात शेळ्यांच्या लेंड्यांखेरीज काही नसते, तरी जातो.

"कोरड्या ओढ्यात काय हुडकायलास, काशीअण्णा? मासे?" ट्रॅक्टरवाले श्रीपतराव पुलावरून जाताना विचारतात.

"रेघ बघायलोय."

"पळून जायली का ती?"

काशप्पा हसत नाही. श्रीपतरावांनाही हसण्याची अपेक्षा नसते. गेली पाच वर्षे हा संवाद दोघांमध्ये चालत आला आहे, आणि तो जिथे येऊन थांबतो तिथून पुढे कोणीच जात नाही.

काशप्पा अठ्ठावन्न वर्षांचा आहे. पंचायतीच्या टाकीचे पाणी सोडणे आणि छपरावरच्या भोंग्यातून गावाला सूचना देणे, ही त्याची नेमलेली कामे. परंतु गावात त्याच्या घराण्याची ओळख याहून जुनी आहे. भीमा हिंगणहाळला तीन बाजूंनी वळसा घालते. चौथ्या बाजूला ओढा आहे. अफजलपूरकडून येणारा रस्ता तो ओढा ओलांडूनच गावात शिरतो. नदीच्या घाटावर काळ्या दगडाचा नंदी आहे, आणि पुराच्या दिवसांत त्या नंदीजवळ उभे राहून पाणी कुठवर आले हे गावाला सांगण्याचा मान काशप्पाच्या घराकडे तीन पिढ्या आहे. खूर भिजले की गुरे वरच्या आळीत न्यायची. पोट भिजले की नदीची ओटी भरायची. वशिंड भिजले की गाव सोडायचे.

ओटी भरल्याशिवाय गाव सोडायचे नाही, हा त्यातला कडक नियम होता. पूर आलेली नदी ही गावाची लेक. ती माहेरी आली आहे. लेक दारात उभी असताना घराला कुलूप लावून कोणी जात नाही. म्हणून गावातल्याच एखाद्या माहेरवाशिणीने सुपात खण, नारळ, तांदूळ आणि हळदकुंकू घेऊन घाटावर जावे, ओटी पाण्यात सोडावी, आणि मगच गाड्या जुंपाव्यात. या नियमाला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. वस्तुतः तो एका दीर्घ निरीक्षणाचा निष्कर्ष होता. पोटापासून वशिंडापर्यंत चढायला पाणी अर्धा दिवस घेत असे. ओटी भरून, बायकामुले गोळा करून, सावकाश ओढा ओलांडण्याइतका वेळ त्या अर्ध्या दिवसात असे. आजोबाने ते पाहिले होते, बापाने पाहिले होते. नंदी कधीही खोटे बोलला नव्हता.

पुढे, नदीच्या खालच्या अंगाला काही कोसांवर, बंधारा बांधला गेला. त्यानंतर दहा-बारा वर्षे मोठा पूर आला नाही. बंधाऱ्यामुळे आता नदी चढू लागली की तिचा फुगवटा ओढ्याच्या मुखातून मागे शिरतो, आणि नंदीचे गुडघे भिजण्याच्या सुमारास गावामागचा पूल बुडू लागतो, हे कोणी गावाला सांगितले नाही. गावानेही विचारले नाही. खूण तीच राहिली; ज्या नदीची ती खूण होती, ती नदी मात्र बदलली होती.

पाच वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये, सकाळी दहा वाजता, काशप्पाच्या फोनवर तालुक्याहून संदेश आला: वरच्या धरणांतून मोठा विसर्ग, नदीकाठच्या गावांनी बारापर्यंत स्थलांतर करावे. त्याने तो घाटावर उभा राहून वाचला. पाणी नंदीच्या गुडघ्याला होते. मागे बायका जमल्या होत्या. त्यांत मल्लव्वाची मुलगी निलम्मा हातात सूप घेऊन उभी होती. मल्लव्वाला नवरा नव्हता आणि निलम्मा तिची एकुलती मुलगी. चार दिवसांसाठी ती माहेरी आली होती, म्हणून ओटीचा मान तिला मिळाला होता.

"काशीकाका, वरनं सांगायलेत तर आधी निघू की," ती म्हणाली. "ओटी पुलावरनं सोडू. पाणी तर एकच हाय."

"ओटी घाटावर भरतात. येष्टी स्टँडवर न्हाई."

बायका हसल्या. निलम्माही हसली.

"मंग किती येळ थांबायचं?"

"पोट भिजूस्तोर. तुझा आज्जाबी तेवढाच थांबला होता."

काशप्पाने फोन खिशात टाकला. भोंग्यावरून त्याने गावाला सांगितले की घाई नाही, नंदीचे पोट अजून कोरडे आहे. गावाने त्याचे ऐकले. ऐकण्याचीच तर सवय होती.

पोट भिजायला दोन वाजले. निलम्माने ओटी सोडली आणि ट्रॅक्टर निघाले. पहिला ट्रॅक्टर पुलावर आला तेव्हा पुलावरून मांडीएवढे पाणी जात होते, आणि ते नदीकडे जात नव्हते. नदीकडून येत होते. पहिला पार झाला. दुसऱ्याची ट्रॉली मधोमध कलली. दोर टाकून सगळ्यांना ओढून काढले, असे सर्वांना वाटले. पलीकडे माणसे मोजली तेव्हा निलम्मा नव्हती.

तिला तीन दिवस शोधले. होड्या खाली बंधाऱ्यापर्यंत गेल्या, काठाकाठाने माणसे फिरली. पाणी माणसाला खाली नेते, या समजुतीने सगळे खालीच शोधत राहिले. पाणी ओसरल्यावर शेळ्या राखणाऱ्या एका बाईला ती ओढ्याच्या वरच्या अंगाला, वेड्या बाभळींत सापडली. तिथून मल्लव्वाच्या घराचे मागचे दार दिसते.

पंचनाम्याला अरुणकुमार आला. गावच्या महसूल दप्तराचे काम त्याच्याकडे नुकतेच आले होते. वयाने लहान, स्वभावाने सरळ. त्याने विचारले, "अण्णा, बाराचा निरोप होता. उशीर कामून झाला?"

काशप्पा म्हणाला, "ओटी भरायची होती."

हे खरे होते. अरुणकुमारने लिहिले: धार्मिक विधीमुळे विलंब. काशप्पाने खाली सही केली. थांबा असे कोणी सांगितले, हे त्या ओळीत कुठेही नव्हते, आणि पुढच्या काही महिन्यांत ते गावाच्या बोलण्यातूनही गळून गेले. उरला तो विधी. आणि विधी करणारी एकच होती. निलम्माने ओटीला वेळ लावला. निलम्मा साडी बदलत बसली. निलम्माने वेणी घालायला तास घेतला. या गोष्टी सांगणाऱ्या बायका त्या दिवशी तिच्या शेजारी उभ्या होत्या. त्या खोटे बोलत होत्या असेही म्हणवत नाही. जो समूह एखाद्या अधिकारी वाणीवर विसंबून चुकतो, त्याला त्या वाणीचा दोष पाहणे म्हणजे स्वतःचे विसंबणे पाहणे असते. मेलेल्या मुलीवर ठेवलेला दोष त्या मानाने हलका असतो. ती तो परत करत नाही.

काशप्पा हे सगळे ऐकत होता. तो कधी काही बोलला नाही. त्याने घाटावर जाणे सोडले आणि पुलावर रेघ ओढली.

मल्लव्वाने त्यानंतर पूल ओलांडला नाही. भावाच्या घरचे लग्न असो की दवाखाना असो, ती गेली नाही. डॉक्टरच कधी गावात आला तर तिने औषध घेतले. टाकीच्या नळावर काशप्पा भेटे तेव्हा ती घागर भरे, आणि जाताना न चुकता विचारी, "नंदी कुठवर भिजला रे काशप्पा?" नदी आटलेली असतानाही विचारी. काशप्पा म्हणे, "मी घाटावर जात न्हाई, अक्का." ती मान हलवून निघून जाई. काशप्पाच्या बायकोचे म्हणणे असे की झोपेत तो कधीकधी उत्तर देतो: गुडघ्यापर्यंत.

या सप्टेंबरात पुन्हा पूर आला. सकाळी आठला तालुक्याचा निरोप आला तेव्हा काशप्पा पुलावरच होता. पाणी रेघेच्या हातभर खाली होते, आणि त्यावरचा पाचोळा संथपणे गावाच्या दिशेने सरकत होता. त्याने भोंग्यावरून सांगितले: आत्ता निघायचे. कोणी घाटावर जायचे नाही. दहापर्यंत चार ट्रॉल्या भरल्या, तीन पार गेल्या. मधल्या पाच वर्षांत अरुणकुमारनेही काही शिकून घेतले होते. त्याच्याकडे आता घरवार यादी होती आणि तो प्रत्येक नावावर बोट ठेवून माणूस डोळ्यांनी पाहत होता.

"एक राहिलं," तो म्हणाला. "मल्लव्वा."

काशप्पा गेला. मल्लव्वा उंबऱ्यात बसली होती. समोर सूप, सुपात हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. विधवेने ओटी भरायची नसते, हे तिला ठाऊक नव्हते असे नाही.

"अक्का, चला. पाणी रेघेच्या वर गेलंय."

"नंदी कुठवर?"

"न्हाई बघितला."

"मंग कशावरनं निघायलास? तवा तर पोट भिजल्याबिगर हलू दिलं न्हाईस."

बाहेर श्रीपतरावांनी ट्रॅक्टरचा हॉर्न दोनदा वाजवला.

"अक्का, उचलून नेऊ का?"

"ने की. पाच वरसं माझ्या लेकीचं वझं उचलून फिरायलास, मी काय जड हाय."

"असं कामून बोलायलाव."

"कामून म्हणजे? तिनं येळ लावला म्हणत्यात समदे. येणी घालत बसली म्हणत्यात. तू ऐकायलास न्हवं? कान हायत न्हवं तुला?" तिचा आवाज चढला नव्हता. "ती आधी निघू म्हणाली. पुलावरनं सोडू म्हणाली. मी तिच्या मागं हुभी होते, काशप्पा. थांबा कोण म्हणलं?"

"मी."

"मला कामून सांगायलास? मला ठावं हाय. त्यांना सांग. त्या भोंग्यातनं थांबा म्हणलास, त्याच भोंग्यातनं सांग. मंग येते."

पंचायतीचे कार्यालय तिच्या घरापासून साठ पावलांवर आहे. ते अंतर काशप्पाने कसे कापले, हे त्याला नंतर आठवत नव्हते. चौथी ट्रॉली चावडीपुढे उभी होती. तिच्यात तीसेक माणसे, त्यांत मागच्या पुरात घाटावर निलम्माशेजारी उभ्या असलेल्यांपैकी सहा-सात बायका. भोंगा खरखरला तेव्हा सगळ्यांना वाटले, शेवटची सूचना आहे.

"काशप्पा बोलायलोय. मागच्या पुरात दहा वाजता निरोप आला होता. बारापर्यंत निघा, असा निरोप होता. निलम्मा म्हणली, आधी निघू, ओटी पुलावरनं सोडू. मी न्हाई म्हणलो. थांबा म्हणलो. तिनं येळ लावला न्हाई. येळ मी लावला. पंचनाम्यात मी हे सांगितलं न्हाई."

मग भोंगा बंद झाला. ट्रॉलीत एका बाईने पदर तोंडाला लावला. दुसरी तिच्याकडे न बघता नदीकडे बघत राहिली. श्रीपतरावांनी इंजिन चालूच ठेवले होते.

मल्लव्वा सूप घेऊन आली. वर चढायला तिला हात दिला तो अरुणकुमारने. काशप्पा मागची फळी धरून उभा राहिला.

पुलावर पाणी रस्त्याला टेकले होते. रेघ दिसत नव्हती. मध्यावर आल्यावर मल्लव्वा म्हणाली, "थांबव."

"अक्का, हितं थांबता येत न्हाई," अरुणकुमार म्हणाला.

श्रीपतराव थांबले नाहीत, पण त्यांनी गती इतकी कमी केली की चाके फिरताहेत की नाही हे कळू नये. मल्लव्वाने फळीवरून वाकून ओटी सोडली. खण ओला होऊन लगेच बुडाला. तांदूळ क्षणभर पांढरे दिसले. नारळ वर आला, स्वतःभोवती फिरला आणि नदीकडे न जाता गावामागच्या वेड्या बाभळींच्या दिशेने निघाला. ट्रॉलीतल्या सगळ्यांनी तो जाताना पाहिला. वाट दाखवल्यासारखा तो सरळ गेला.

पलीकडे गेल्यावर अरुणकुमारने यादी पुन्हा वाचली. सगळी नावे जुळली. माणसे जुळल्यामुळे या वेळी पंचनामा झाला नाही; आणि जुन्या पंचनाम्यातली ओळ दुरुस्त करायची असेल तर कोणता कागद भरायचा, हे त्याला त्याच्या वरिष्ठांनाही विचारून समजले नाही. त्याने एका साध्या कागदावर काशप्पाचे म्हणणे लिहून घेतले, सही घेतली, आणि तो जुन्या कागदांना टाचला.

चौथ्या दिवशी पाणी उतरले. गाव परतण्याआधी रस्ता तपासायला काशप्पा एकटा पुढे गेला. त्याने पूल पाहिला, रेघेवरचा गाळ हाताने पुसला. मग तो नदीकडे गेला नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला वळला. दुपारी तो ओढ्यापलीकडच्या शाळेतल्या छावणीत परतला तेव्हा मल्लव्वा भिंतीला टेकून बसली होती.

"नारळ घावला?" तिने विचारले.

"व्हय."

"कुठं?"

"तिथंच."

"तिथंच म्हणजे कुठं? नाव घेऊन सांग."

काशप्पा तिच्यासमोर खाली बसला. त्याच्या पायांवर गुडघ्यापर्यंत ओढ्याचा गाळ वाळलेला होता.

"निलम्मा घावली, तिथं," तो म्हणाला.

मल्लव्वाने त्या गाळाकडे बराच वेळ पाहिले. नंदी कुठवर भिजला, हे त्या दिवशी तिने विचारले नाही.