पाठमोरा मास्तर

माणूस कवळीला घाबरू शकतो, हे मला आमच्या ह्यांच्याकडे बघून कळलं. एरवी सीतारामराव कुणाला भीक घालणाऱ्यातले नव्हेत. उभा जन्म लग्नाच्या वरातींत ट्रम्पेट वाजवण्यात गेला. घोडे उधळले, फटाके अंगावर आले, नवरदेवाचे मित्र दारू पिऊन गळ्यात पडले, तरी ह्यांची फुंक कधी तुटली नाही. गेल्या वर्षी वरचे दात काढावे लागले आणि वाघाची शेळी झाली.

त्यातच मालक वारले आणि ह्यांचा जुना बँडही त्यांच्याबरोबर संपला. हे धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत बसू लागले. बोलणं नाही, पेपर नाही. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "भूक नाही." मी रोज स्वयंपाक करायचे आणि मनात घाबरायचे. हा माणूस असाच बसून बसून संपणार, असं मला खरोखर वाटायचं.

म्हणून नाना पेठेतल्या श्रीरंग ब्रास बँडला ट्रम्पेटवाला हवाय असं कळलं, तेव्हा मीच ह्यांच्या मागे लागले.

"मंदाकिनी, कवळीवाल्याला कुणी ट्रम्पेटला घेत नाही," हे म्हणाले.

"सांगायचं कशाला? तोंडात कोण डोकावतंय?"

ह्यांच्या जुन्या बँडमधल्या एकाची कवळी ऐन वरातीत निसटून रस्त्यावर पडली होती. वऱ्हाडी पोट धरधरून हसले होते. तो माणूस पुन्हा वाजवायला आला नाही. हे त्याचंच नाव घेऊन रात्री दचकून उठायचे. तरी सराव केला. शेजारी तक्रार करतात म्हणून ट्रम्पेटच्या तोंडात टॉवेल कोंबून, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून. कवळी जागची हलली नाही. मी खूश झाले. खुर्चीवर बसून कुणी वरात वाजवत नाही, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

वाजवून दाखवायचं होतं त्या दिवशी मीही बरोबर गेले. पर्समध्ये कवळी चिकटवायची ट्यूब होती. ह्यांनी निघण्यापूर्वी एकदा लावली होती, बसमधून उतरल्यावर पुन्हा लावली.

श्रीरंग बँडचे श्याम मास्तर उंच, पांढऱ्या मिशांचे. हसणं माहीतच नसावं. ह्यांच्या तोंडाकडे त्यांनी इतका वेळ रोखून पाहिलं, की मी पर्समधली ट्यूब घट्ट धरली. दुकानात बसवून ऐकतील असं आम्हाला वाटलं होतं. पण सगळे वादक साज घेऊन गल्लीत उतरले.

"इथली पद्धत माहीत आहे ना?" एका ढोलवाल्याने ह्यांना विचारलं. "मास्तर पुढे चालतात, पाठ करून. नव्या माणसाचं वाजवणं पटलं नाही, की वळून बघतात. वळले, की आपण आपलं ट्रम्पेट काखेत मारायचं आणि घरी जायचं. बोलायचं काही नाही."

"वा! तेवढेच शब्द वाचतात," मी म्हणाले. ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

मास्तरांनी हात वर केला. उडत्या चालीचं एक गाणं सुरू झालं. मी फुटपाथवरून बरोबरीने चालत होते. दोन ट्रम्पेट होते, पण ह्यांचा आवाज मला हजारांत ओळखू येतो. पहिलं कडवं छान गेलं. मग रस्ता खोदलेला लागला. खड्डे, पेव्हर ब्लॉक, चढउतार. प्रत्येक पावलाला ह्यांचा जबडा हादरत होता. पिंपळाच्या पारापाशी ह्यांचा सूर चिरकला, आणि मग नाहीसाच झाला.

ट्रम्पेट ओठांवर होतं. बोटं कळांवर नाचत होती. गाल फुगलेले होते. आवाज मात्र नव्हता. शेजारच्या ट्रम्पेटवाल्याने तिरक्या डोळ्याने पाहिलं. आता मास्तर वळणार. आता वळणार. मी डोळे मिटायचे आणि पुन्हा उघडून बघायचे. मास्तरांची पाठ तशीच होती.

पुढे प्रसूतिगृह लागलं. तिथे बँड थांबवायचा, हा पुण्यातल्या सगळ्याच वाजंत्र्यांचा नेम. फाटक आलं, सगळ्यांनी आपोआप वाजवणं थांबवलं, आणि चालता चालताच माना खाली घालून ते वाद्यांत फुंकून साचलेलं पाणी झटकू लागले.

मास्तरांचा हात मात्र ताल देत राहिला.

गल्लीत कावळ्याशिवाय आवाज नाही, आणि तो उंच माणूस एकटाच तोऱ्यात हात हलवत चाललेला. मग त्यांची नजर फाटकाकडे गेली आणि हात झटकन खाली आला. कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं. भीतीने माझ्या अंगावर काटा आला, आणि या वेळी ती ह्यांच्यासाठी नव्हती.

दुकानाशी परतल्यावर मास्तरांनी ह्यांना बाजूला, पाण्याच्या माठापाशी बोलावलं. मीही गेले.

"कवळी नवी दिसते," मास्तर म्हणाले.

ह्यांचा हात तोंडाकडे गेला.

"ट्रम्पेट लावण्यापूर्वी दोनदा जिभेने चाचपलीत. मी हल्ली तोंडंच बघतो." मास्तरांनी मागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज उतरवला. "आता खरं सांगा. शेवटपर्यंत वाजवलंत?"

ह्यांना काही उमगेना. मला उमगलं. या माणसाला ते ऐकूच आलं नव्हतं. 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. मी ह्यांना कोपर मारलं. म्हणा ना हो! गॅलरीतली ती खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर होती.

"नाही," हे म्हणाले. "पिंपळापासून नुसतीच बोटं हलवली. कवळी सुटली होती."

मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी माठातलं पाणी घेतलं.

"कवळी घट्ट करून घ्या," ते म्हणाले. "आणि वाजवताना माझ्या लगेच मागे राहा. बँड थांबला, की पाठीला हात लावायचा. कुणाला दिसणार नाही असा."

परवा श्रीरंग बँडची वरात होती. मीही लपूनछपून गेले. एका दवाखान्याची पाटी दिसली आणि मी फुटपाथवर जागच्या जागी थिजले. बँड थांबला. मास्तरांचा हात हवेतच होता. ह्यांनी ट्रम्पेट खाली घेतलं, एक पाऊल पुढे टाकलं आणि तळवा त्यांच्या पाठीवर ठेवला. हात खाली आला.

दवाखाना मागे पडेपर्यंत ह्यांनी तो तळवा काढला नाही.