लोखंडी पेटीचा उंबरा

बोटाच्या पेरांनी लोखंडावर टकटक करायची आणि म्हणायचं, "घरानं मानसामागं यावं, भाऊसाहेब. मानसानं घरामागं न्हाई." हे आमच्या मिस्त्रींचं ठरलेलं वाक्य. तुम्हीही असा एखादा शहाणा पाहिला असेल. मला तो रोज सहन करावा लागे.

दुष्काळी कामांचे दिवस होते. सुप्याजवळच्या पाझर तलावावर मी हजेरी कारकून आणि ते रोलरचे मिस्त्री. रोलर जाईल तिथे त्यांचा फाटका तंबू. बायको कोल्हारला, माहेरी. "तंबूत मी संसार करायची न्हाई," असं तिने लग्नानंतर महिन्याभरातच सांगून टाकलं होतं. दोघांपैकी अक्कल कोणाकडे आहे, हे मी तेवढ्यावरून ओळखलं.

तिला आणायचं म्हणून या गृहस्थाने नगरच्या लिलावातून मोडक्या लष्करी ट्रकची बंद लोखंडी पेटी उचलली. ट्रॉलीच्या चाकांवर बसवली, दोन खिडक्या कापल्या, त्याही एक वर आणि एक खाली. बाहेरून हिरवा रंग फासला. हल्ली जहाजाच्या कंटेनरची घरं करून विकतात. त्यांची गुळगुळीत चित्रं बघितली की मला ती पेटी आठवते.

"दार कोणत्या दिशेला?" मी खवचटपणे विचारलं.

"तुमी म्हनाल तिकडं. ट्रॅक्टर लावायचा न् फिरवायचं."

मी हजेरीपटात डोकं घातलं.

वहिनी चैत्रात आल्या, भर दुपारी. आम्ही काम टाकून बघायला उभे. त्यांनी रीतीप्रमाणे चपला बाहेर काढल्या, अनवाणी पाय लोखंडी पायरीवर ठेवला आणि कळवळून मागे बसल्या. तळव्याला टरटरून फोड आला. महाराज दिवसभर बूट घालून वावरणारे. आपली पायरी तापते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी मोठ्याने हसलो. त्याची आज लाज वाटते.

"ह्ये घर न्हाई, तवा हाय," एवढंच बोलून वहिनी संध्याकाळच्या एसटीने परत गेल्या.

मग मिस्त्रींची टकटक थांबली. त्यांनी पायरी कापून टाकली. खड्डे खणून चाकं पुरली, पेटी जमिनीला टेकवली आणि दारात काळ्या दगडाचा घडीव उंबरा बसवला. पत्र्यावर आतबाहेर मातीचे थर दिले, सारवलं. स्वतः बूट काढून भर उन्हात आतबाहेर करून बघायचे.

"आता ह्ये घर माणसामागं कसं यायचं?" मी डिवचलं.

"आदी मानूस तर येऊ द्या, भाऊसाहेब."

वहिनी पुन्हा आल्या. उंबऱ्याला हळदकुंकू लावून तो ओलांडला आणि राहिल्या.

वर्षाने रोलर श्रीगोंद्याकडे निघाला. मिस्त्रींची फजिती बघायला मी मुद्दाम लवकर गेलो. ते पेटीसमोर मान खाली घालून बसले होते. तंबू शेजारी गुंडाळलेला.

वहिनी भांडी घेऊन बाहेर आल्या. "अवो, बसलाय काय? चला. मी येते तंबूत," त्या म्हणाल्या. "ह्यो उंबरा तेवढा संगं घ्या."

दगड भारी जड होता. ट्रॉलीत चढवायला चौघे लागले आणि चौथा मी होतो. मला त्यांचं ते वाक्य तेव्हा एकदा ऐकायचं होतं.

पुढे त्या पेटीत आम्ही सिमेंटच्या गोण्या ठेवायचो. उंबऱ्याच्या जागी नुसता खड्डा होता. तरी आत शिरताना माझा पाय दर वेळी आपोआप वर उचलला जायचा.