उजळलेलं रोमन नाणं
मला लिहिण्याचा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. पण पुदिन्याच्या टूथपेस्टचा वास आला की मला परदेशातल्या फ्लॅट बुश या उपनगरातली ती दिवाळी आठवते. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायचो त्या काकूंनी देवाची चांदीची भांडी घासायला दिली होती आणि आई करायची तशी मी टूथपेस्ट लावून ती लख्ख केली. भांड्यांजवळच काकांच्या जुन्या नाण्यांच्या संग्रहातलं एक काळंकुट्ट चांदीचं नाणं होतं, तेही हौसेने चोळलं. रोमन पलटणीच्या नावाने पाडलेलं ते नाणं, एका बाजूला वल्ह्यांचं जहाज, दुसऱ्या बाजूला गरुड आणि खाली पलटणीचा क्रमांक. काका कामावरून आले, नाणं खिडकीतल्या उजेडात धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं. "अरे, दोन हजार वर्षांचा काळा थर होता तो, त्यालाच तर किंमत! आकडाही पुसट झाला. आता हे कोण विचारणार?" मला रडू फुटायचंच बाकी होतं; खोलीही जाणार आणि ही माणसंही, असं वाटलं. काकू म्हणाल्या, "त्याला काय बोलताय? देवाच्या ताटाजवळ ठेवलंत कशाला?" काका नाणं खिशात टाकत म्हणाले, "घासलंय मात्र झकास. चल, जेवून घे." पुढे मी इथे टौरंगा शहरात शिकायला आलो, पण ती बोच गेली नाही. गेल्या आठवड्यात काकूंचा फोन आला: काकांनी सगळा संग्रह संग्रहालयाला दिला, मी घासलेलं तेवढं एक नाणं संग्रहालयाने परत केलं, आणि आता काका ते जवळच्या शाळेत नेतात, मुलांच्या हातात बिनधास्त देतात.