शेवटच्या पानापासून वाचणारा मुकुंद

मुकुंद गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, सुधावहिनींनी केला, तेव्हा मी इथं अमेरिकेत, ॲशबर्नच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. "भाऊजी, हार्ट अटॅक... झोपेतच," एवढंच त्या बोलल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, पण आमचं भांडण मिटायचंय अजून!" काय हा मूर्खपणा! दोन महिने होत आले, ते वाक्य पाठ सोडत नाही.

मुकुंद नागपूरचा, मी पुण्याचा. एका प्रोजेक्टवर भेटलो आणि दहा वर्षं शनिवारचा चहा त्याच्याकडे ठरलेला. त्याचा एक नाद होता. कुठल्याही स्वस्त शेअरच्या कंपनीचा वार्षिक अहवाल प्रिंट करायचा आणि पेन्सिल घेऊन शेवटच्या पानापासून वाचायचा. "पुढं फोटो अन् गोड गप्पा असतात, यार. कर्ज, कोर्टकचेऱ्या सगळं मागं, बारीक अक्षरात. स्थळ बघायला गेल्यावर नुसती पोह्यांची तारीफ करत बसतो का आपण?"

गेल्या वर्षी मी एका बॅटरीवाल्या कंपनीचे शेअर घेतले, दीड डॉलरला एक. मुलीच्या कॉलेजच्या पैशांतून, बायकोला न सांगता; ठाऊक होतं फक्त मुकुंदला. मुकुंदनं अहवाल वाचला. "विक्री नावालाच आहे. हातातली कॅश वर्षभर पुरत नाही. मग नवे शेअर काढतील, अन् तुझा वाटा ताकात पाणी घातल्यासारखा पातळ होईल. हा स्वस्त नाही बाप्पा, नुसती किंमत कमी आहे." मला झोंबलं. दिवाळीच्या पार्टीत सगळ्यांदेखत म्हणालो, "तू वाचतच बस. आयुष्यात कधी रिस्क घेतलीस?" तो कसनुसा हसला आणि ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला.

पुढं अगदी तसंच झालं. नवे शेअर आले, भाव पंचवीस सेंटवर आला. कुठल्या तोंडानं फोन करणार? मग त्याचंच एक जाड पाकीट पोस्टानं आलं. 'बघ, सांगितलं होतं ना' हेच असणार, म्हणून मी ते न उघडता ड्रॉवरमध्ये टाकलं... चार महिने.

तेराव्याहून परतल्यावर उघडलं. त्याच कंपनीचा अहवाल. मी गाढव, पहिल्या पानापासून चाळत गेलो. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं : "आहेत ते शेअर आजच विक. वहिनींना खरं सांगून टाक. भीती वाटत असेल तर मी सोबत येतो. शनिवारी चहाला ये."

परवाच्या शनिवारी तो अहवाल शेवटचं पान वर करून टेबलावर ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. एकट्यानंच.