चार बोटांचं पातं

आमच्या घराला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आहे. त्यामुळे आमच्याकडे सगळंच थोडं थोडं थरथरतं. मांडणीवरचे पेले, देवघरातली घंटा, खिडकीची काच. बाबांचा उजवा हातही थरथरतो हे आमच्या उशिरा लक्षात आलं ते यामुळेच. एका शुक्रवारी लूमला सुट्टी होती, घर गप्प होतं, आणि बाबांच्या हातातली कपबशी तेवढी वाजत होती.

"आज लूम बंद हाय ना?" आईने विचारलं.

"हो," बाबा म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कमी होईल, पण जाणार नाही, असं सांगितलं. आम्ही ऐकून घेतलं. खरा प्रश्न खिशातल्या चाकूचा होता.

बाबा शाळेच्या ऑफिसात कारकून होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पँटच्या उजव्या खिशात घडीचा चाकू ठेवायची सवय गेली नाही. लग्नात, सहलीत, अगदी मयताच्या घरीसुद्धा, सुतळी कापायची वेळ आली की लोक बाबांकडे बघायचे. पण तो चाकू मुख्यतः होता संध्याकाळच्या फळासाठी. बाबा पेरू नाहीतर पपई कापायचे, फोड पात्यावर आडवी घ्यायचे आणि पातं पुढे करायचे. आधी आईकडे, मग माझ्याकडे. ताटली नाही, वाटी नाही. बाबांनी मला कधी "शाबास" म्हटल्याचं आठवत नाही. मला नोकरी लागली तेव्हा पेरूची फोड मिळाली. मी घटस्फोट घेऊन परत आले तेव्हाही पेरूची फोडच मिळाली, फक्त बिया काढून.

त्या चाकूचा खटका सैल झाला होता. एकदा हात थरथरला, पातं अचानक मिटलं आणि बाबांच्या बोटाला टाके पडले. आईने त्याच दिवशी चाकू भंगारवाल्याला देऊन टाकला. तेव्हापासून बाबांनी फळ खाणं सोडलं. "नको, पोट भरलंय," म्हणायचे. आई विळीवर चिरून फोडी ताटलीत ठेवायची आणि त्या तशाच काळ्या पडायच्या. बाबा बोलायचेही कमी. माणूस समोर बसून विरत चालला होता आणि मला ते बघवत नव्हतं. मी ठरवलं, आईला काय म्हणायचं ते म्हणू दे, चाकू आणायचा.

मी वडपे गावातल्या एका गोदामात आलेला माल उतरवून घ्यायचं काम बघते. दिवसभर माझ्यासमोर कटरने खोकी फोडली जात असतात, त्यामुळे पात्यातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. माझा हिशेब सोपा होता. पातं आखूड असलं तर बोट वाचतं, आणि धार पातळ असली तर जोर लावावा लागत नाही. बाजारातले हार्डवेअरवाले चाचा बाबांना तरुणपणापासून ओळखतात, भाऊ म्हणतात. त्यांनी काउंटरवर तीन चाकू उघडून ठेवले. एकाचं पातं दोन्ही अंगांनी आत खोल घासलेलं, न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखं. दुसरं रुंद, पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरत गेलेलं, घरच्या सुरीसारखं. तिसरं पोटाला फुगीर, कोयत्याचं पिल्लूच.

"भाऊंसाठी ना? मग हा सुरीवाला घ्या," चाचा म्हणाले. "मर्द मानसाच्या खिशात चार बोटं तरी पातं पायजे."

"मर्द माणसाला टाके पडलेत, चाचा. दोन बोटं पुरे."

"मग हा वस्तऱ्यावाला न्या. एकदम मक्खन. जोरच न्हाय लावायचा."

आम्ही दोघंही आपापल्या अकलेवर खूश झालो.

धारदार वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं, म्हणून मी चाकू बाबांसमोर टेबलावर ठेवला. भांडण तसंही झालं, आईशी. ती आत जाऊन भांडी घासू लागली. भांडी आधीच घासलेली होती.

बाबांनी पेरू घेतला. पातं सुरेख चाललं, बोटं शाबूत राहिली, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग त्यांनी फोड पात्यावर घेतली. फोड तीन बोटं, पातं दोन बोटं, त्यात मधोमध खोलगट. फोड डुलली आणि लादीवर पडली. दुसरीही पडली. तिसरी बाबांनी उचललीच नाही. आई बाहेर येऊन ताटली ठेवून गेली. बाबांनी चाकू मिटला, "चांगला आहे," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मला रडू आलं. मग रडू आल्याचा राग आला, कारण गडबड साध्या मोजमापाची होती. मी कापायचं पातं आणलं होतं. बाबांना वाढायचं पातं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांना म्हटलं, "पातं असं द्या की त्यावर फोड ठरली पाहिजे."

"ताटली घ्या ना मग."

"ताटली आहे घरी."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. चहाबरोबरची नानकटाई त्यांनी वस्तऱ्यासारख्या पात्यावर ठेवली आणि स्वतःचा हात थरथरवला. नानकटाई पडली. फुगीर पात्यावरून तर ती घसरगुंडी खेळल्यासारखी गेली. सरळ उतरत्या रुंद पात्यावर ठेवली, तेव्हा पुष्कळ हलली पण राहिली. कडीकोयंडा घ्यायला आलेला एक माणूस हे सगळं पाहत उभा होता.

"चाचा, तबियत ठीक है ना?" त्याने विचारलं.

"मेरी ठीक है," चाचा म्हणाले.

मग त्यांनी उघड्या पात्याची पाठ काउंटरवर जोरात आपटून बघितली. खटका हलला नाही. टोक मी धार लावायच्या चाकावर घासून गोल करून घेतलं. चार बोटांचं पातं मी स्वतःच्या पायांनी घरी नेत होते आणि माझे पाय मुळीच उत्साहात नव्हते.

आईने पातं बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "पैल्यापेक्षा मोठा आनलास? अक्कल हाय का न्हाय? मी फोड घेनार न्हाय त्याच्यावरून, आताच सांगते." तिचं माहेर शेलार गावचं. रागावली की बोलण्यात ती पुरती माहेरी जाते. बाबांनी टेबलावरचा चाकू उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि अंबाडी गावाहून आलेली पपई पुढे ओढली.

कापायला वेळ लागला. मी टेबलाची कड धरून बसले होते. फोड पात्यावर आडवी पडली आणि पातं आईकडे निघालं. ते एका जागी राहत नव्हतं. इकडे जायचं, तिकडे जायचं, फोडीचा रस धारेवरून गळत होता. आई दाराकडे तोंड करून बसली होती. बाबांनी हात मागे घेतला नाही. मला उठून ते पातं धरावंसं वाटत होतं, आणि धरलं तर सगळं संपेल हेही कळत होतं.

आईने मान वळवली. तिने तळहात पात्याखाली नेला. पातं डावीकडे गेलं की तिचा हात डावीकडे जायचा, उजवीकडे आलं की उजवीकडे. दोघांचे हात तसेच बराच वेळ सोबत हलत राहिले. मग बाबांनी मनगट वळवलं आणि फोड बरोबर तिच्या हातात उतरली.

"जरा कच्ची हाय," ती खाऊन म्हणाली, आणि हात तसाच पुढे धरून बसली.