कुकरची वाफ जाईपर्यंत

आधीच कबूल करून टाकते. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहायला शिकायचं म्हणून मी एक अख्खा पावसाळा रोज सकाळी आंघोळ करून, पाटावर बसून, वहीत निळ्या पेनाने एकच प्रोग्रॅम उतरवून काढत होते. तोच. रोज. कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत होता. त्याला हात लावायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. तेव्हा मी लहान होते, सहासष्ट वर्षांची. त्या वयात माणसाला सगळं येत असतं.

थोडा दोष त्या व्हिडिओचाही होता. त्यातला मुलगा छातीवर हात ठेवून सांगत होता, "रोज कोड लिहा. एकही दिवस चुकवू नका. सवय लागली की सगळं आपोआप येतं." आता, रोज लिहायचं आणि चुकवायचं नाही, म्हणजे काय ते आमच्या घरात कुणाला शिकवायला नको. माझ्या सासूबाईंनी रामनाम लिहून वह्यांच्या चळती केल्या होत्या. तीच बैठक, तोच पाट. व्हिडिओत त्या मुलाने पडद्यावर 'नमस्कार' उमटवणारा चार ओळींचा प्रोग्रॅम दाखवला होता, तो मी घेतला आणि जपाला बसले. लिहिताना बोलायचं नाही, मधे उठायचं नाही. घरातल्यांना वाटलं, आईंनी देवाचं काहीतरी धरलंय. आमचे हे तर बिचारे टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघायचे.

बिंग फुटलं ते दसऱ्याला. आमच्याकडे दसऱ्याच्या पूजेत ज्याचं-त्याचं हत्यार मांडतात. ह्यांचा पाना आणि पक्कड, माझी विळी, आणि सून घरूनच कंपनीचं काम करते म्हणून तिचा लॅपटॉप. त्याच्या शेजारी मी ऐटीत माझी वही ठेवली.

"आई, जपाची वही ना?" सुनेने विचारलं.

"जप नाही गं. प्रोग्रॅमिंग."

तिने हात पदराला पुसला आणि वही उघडली. एक पान, दुसरं पान, मग मधलं, मग शेवटचं.

"आई, हे चालवून बघितलंत कधी?"

"चालवायचं म्हणजे?"

ती एकदम देवघराकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं नमस्कार करतेय. पण खांदे हलत होते. मग तिने तिथेच, हळदीकुंकू वाहिलेल्या लॅपटॉपवर, माझ्या वहीतल्या चार ओळी जशाच्या तशा टाइप केल्या. नमस्कार काही आला नाही. लाल अक्षरं आली. ओळीच्या शेवटी अर्धविराम असतो, तो मला व्हिडिओत नीट दिसला नव्हता. मी वहीभर दोन टिंबं दिली होती. म्हणजे पावसाळाभर मी अतिशय नियमितपणे, अतिशय सुवाच्य अक्षरात, एक चूक गिरवत होते.

"मग एवढे दिवस मी बातम्या मुक्या का बघितल्या?" हे म्हणाले.

मला ओळखणाऱ्यांना ह्यात नवल वाटायचं कारण नाही. बाविसाव्या वर्षी मीच रंगीत पेन्सिलींनी वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं: पहाटे योगासनं, सकाळी इंग्रजी, दुपारी शिवण, संध्याकाळी पेटी. किती देखणं होतं! चौकटीला वेलबुट्टी होती. ती पोरगी एक दिवस चुकला की म्हणायची, आता सोमवारपासून. सोमवार चुकला की एक तारखेपासून. एक तारीख गेली की थेट गुढीपाडवा. मुहूर्त काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता. शिवणाच्या क्लासला जाऊन तिने ब्लाउजची एक बाही शिवली. तो एका बाहीचा ब्लाउज अजून माझ्या ट्रंकेत आहे. पोरगी मात्र सापडली तर तिला दोन शब्द सुनवायचे आहेत.

दसऱ्याच्याच संध्याकाळी सोनं द्यायला मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीकडे गेले. त्या शिवणाच्या क्लासमध्ये माझ्या शेजारी बसायची ती हीच. पुढे ती घोटीच्या शाळेत मराठी शिकवायची, रोज नाशिक रोडहून गाडीने जाऊन-येऊन. निवृत्त झाल्यावर कॉलनीतल्या दत्तमंदिरात आमचं गुरुवारचं भजनी मंडळ तिनेच उभं केलं. पुढे बसून सुरुवात करणारी ती, मागून ओढणाऱ्या आम्ही. पण श्रावणापासून ती येईनाशी झाली होती. गुडघे दुखतात म्हणे. मंडळात कुजबुज सुरू झाली होती की दत्तजयंतीच्या भजनापर्यंत आली नाही, तर पुढची जागा दुसरीला द्यायची, आणि एकदा दिली की दिली.

दार उघडंच होतं. आत गेले तर ही बाई स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होती.

"गुडघे काय म्हणतात?" मी खालून विचारलं.

ती दचकली. डबा घेऊन खाली उतरली, अगदी नीट, एका दमात. सोनं हातात घेतलं, बसली, आणि मग म्हणाली, "गुडघे छान आहेत गं. डोळे गेलेत."

डोळ्यांच्या पडद्याचा काहीतरी विकार. कडेचं दिसतं, नेमकं मधलंच धूसर. चष्म्याने भागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भजनाच्या वहीतली ओळ धरली की ओळच नाहीशी होते.

"तुला तर सगळं पाठ आहे."

"पाठ आहे असं तुम्ही म्हणता. पुढे बसून तिसऱ्या कडव्याला अडकले तर? सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत बसणार. त्यापेक्षा गुडघे बरे."

"मोबाइलवर अक्षर मोठं करून बघ ना."

"बघितलं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळते. तिला ओढत आणायची, तर हातांत टाळ."

आयुष्यभर पोरांना धडे वाचून दाखवलेली ही बाई, आणि आता कुणापुढे वाचायची वेळ येऊ नये म्हणून घरात बसली होती.  असं काही बघितलं की माझं तोंड सुटतं, ही जुनीच खोड. मी म्हटलं, "दत्तजयंतीला तू पुढे बसणार. मी तुला कॉम्प्युटरवर करून देते. एका वेळी एकच ओळ, विटेएवढ्या अक्षरात."

ती माझ्याकडे तिरकी मान करून बघू लागली. आता तिला तसंच बघावं लागतं. "तू? दुसरी बाही झाली का शिवून?"

घरी आले आणि सुनेला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी करून देते. अर्ध्या तासाचं काम असेल तिचं. पण ती म्हणाली, "करा ना तुम्ही. मी आहे." लग्न होऊन आली तेव्हा पुरणपोळीच्या वेळी मी तिला नेमकं हेच वाक्य म्हणाले होते आणि ओट्याला टेकून मजा बघत उभी राहिले होते. पोरीने बरोबर लक्षात ठेवलं होतं.

मी लगेच रंगीत पेन शोधायला लागले. वेळापत्रक करायचं होतं. तिने पेन काढून घेतलं.

"आई, वेळापत्रक नको. दिवसभरात असं काय आहे जे तुमच्याकडून कधीच चुकत नाही?"

"वरणभाताचा कुकर."

"मग कुकर चढवला की लॅपटॉपपुढे बसायचं. वाफ गेली, झाकण निघालं, की उठायचं. आणि उठायच्या आधी उद्याचं एकच काम ठरवायचं. लहान. आणि जे लिहाल ते चालवून बघायचं."

शेवटचं वाक्य तिने जरा सावकाश म्हटलं.

तर असा माझा अभ्यास सुरू झाला. आज फक्त एक ओळ पडद्यावर आणायची. आज फक्त ती मोठी करायची. आज बोट लावलं की पुढची ओळ यायला हवी, बाकी काही नाही. काम इतकं बारीक असायचं की बाविसाव्या वर्षीची मी नाक मुरडून म्हणाली असती, एवढंसं काय करायचं, करायचं तर सगळं करू! आणि मग काहीच न करता झोपली असती.

चुकायचंही. हरसूलला भाचीच्या घरी कार्य होतं, तिकडे राहावं लागलं. परत आले तेव्हा माझा चेहरा पडलेला. सवय मोडली, आता सोमवारपासून... सून म्हणाली, "आई, उपास मोडल्यासारखं तोंड काय करताय? कुकर लावा." लावला. बसले. बघते तर प्रोग्रॅम जिथे सोडला होता तिथेच माझी वाट बघत होता. रुसला वगैरे नव्हता.

एकदा मात्र शिट्ट्यांकडे लक्षच राहिलं नाही. जेवताना हे ताट हुंगत म्हणाले, "वरणाला धुराचा वास कुठून येतोय?"

"अहो, पण आज प्रोग्रॅम चालला!"

"मग तोच वाढ."

पण दुसऱ्या दिवसापासून शिट्ट्या मोजायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. आतून ओरडायचे, "झाल्या गं!" मी म्हणायचे, "बंद करा गॅस!" आणि एवढ्या वर्षांच्या संसारात प्रथमच ह्यांना गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं ते कळलं.

जे काही जमेल ते सुनेच्या जुन्या टॅबवर घालून मी मैत्रिणीकडे न्यायचे. ती जशी पोरांच्या वह्या तपासायची तशी तपासायची. पांढऱ्यावर काळं डोळ्यांत खुपतं, काळ्यावर पिवळं कर. केलं. एकदा ओळ मोठी होऊन शब्द मधूनच तुटला आणि अर्धा खाली गेला, तर म्हणाली, "शब्द असा तोडतात? शाळेत असतीस तर बाकावर उभी केली असती." शब्द न तोडता ओळ मोडायला शिकण्यात बरेच कुकर गेले.

सगळ्यात छळलं ते ध्रुपदाने. प्रत्येक कडवं झालं की पुन्हा ध्रुपद म्हणायचं आणि मग पुढच्या कडव्यावर जायचं, हे कुठल्याही भजनी बाईला झोपेतही कळतं. कॉम्प्युटरला कळेना. तो ध्रुपदावर यायचा आणि तिथून परत पहिल्याच कडव्यात शिरायचा. माझ्या प्रोग्रॅमवर भजन धरलं असतं, तर मंडळ दुसऱ्या दत्तजयंतीपर्यंत तिथेच बसलं असतं. सुनेने उत्तर सांगितलं नाही, फक्त विचारलं, "तुम्ही ध्रुपद म्हणता तेव्हा कितवं कडवं झालं हे कुठे लक्षात ठेवता?" मी म्हटलं, डोक्यात. "मग त्याला डोकं द्या," ती म्हणाली. कितवं कडवं झालं ते वेगळं साठवून ठेवायचं, एवढंच होतं. पण ते जमलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन ह्यांच्या हातावर साखर ठेवली.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सुनेने सगळं तपासलं आणि एवढंच विचारलं, "शेवटच्या ओळीनंतर काय, ते बघितलंत ना?"

"शेवटच्या ओळीनंतर काय असणार? प्रसाद!" मी म्हटलं आणि वाटाणे सोलायला घेतले.

दत्तजयंतीला मंदिरात उभं राहायला जागा नव्हती. मैत्रीण निळ्या काठाचं लुगडं नेसून आली, आली आणि दारातच थबकली.  "अडकले तर?" ती पुटपुटली. "अडकलीस तर मी बेसूर गाईन, लोक तुला विसरतील," मी म्हटलं. पुढच्या जागेवर पोथीचं व्यासपीठ, त्यावर टॅब. मी शेजारी. माझा गळा असा की माझ्या हातून टाळ काढून घ्यावेत असं मंडळाचं फार पूर्वीपासून मत होतं; तेव्हा टॅबला बोट लावायला माझ्याइतकी मोकळी बाई दुसरी नव्हती.

पहिली ओळ उमटली. काळ्यावर पिवळी, विटेएवढी. तिने मान तिरकी केली, टाळ वाजवला आणि उचललं. काय तो आवाज! श्रावणापासून डब्यात बंद करून ठेवलेला. मी बोट लावत गेले. कडवं, ध्रुपद, पुढचं कडवं, पुन्हा ध्रुपद. तिसऱ्या कडव्याला मी बेसूर गायला तयार होऊन बसले होते, पण ती सरळ पुढे गेली. एक भजन झालं, दुसरं झालं, गवळण झाली. मागच्या बायका नेहमीसारखं तिच्यामागून ओढत होत्या. स्टेशनवरची घोषणा मधेच ऐकू आली, कुणी लक्ष दिलं नाही.

शेवटच्या भजनाची शेवटची ओळ आली, आणि मला इतका आनंद झाला की मी आणखी एकदा बोट लावलं.

जी ओळ दिलेलीच नाही ती मागितली की कॉम्प्युटर एक इंग्रजी शब्द दाखवतो. त्याचा अर्थ, असं काही ठरलेलं नाही. आता तो शब्द काळ्यावर पिवळा, विटेएवढा उमटला. आणि माझी मैत्रीण, जन्मभर समोर आलेलं स्वच्छ वाचत आलेली, जराही न अडखळता गायली, "अनडिफाइन्ड".

सुरात. शेवटचं अक्षर लांबवून.

मंडळाची शिस्त अशी की पुढचीने म्हटलं ते मागच्यांनी दोनदा म्हणायचं. सगळ्या मिळून दोनदा म्हणाल्या. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे मिटून हात जोडले. खांबापाशी उभ्या असलेल्या सुनेने दसऱ्यासारखंच गर्रकन देवाकडे तोंड केलं, आणि तिचे खांदे हलू लागले.

आरती झाली, सुंठवडा वाटला गेला. मी चपलांपाशी लपल्यासारखी उभी होते. मैत्रीण माझा दंड धरून पायऱ्या उतरली. तिला आधार लागत नव्हता, पायऱ्या तिला पाठ आहेत. पण धरला होता. आजूबाजूच्या बायका तिने पांगू दिल्या. मग कानाशी येऊन म्हणाली,

"गुरुवारी जरा लवकर ये मला न्यायला. आणि तो शेवटचा शब्द आहे ना, तो काढून टाक. नाही तर असं कर, राहू दे. चालीत छान बसला होता."