खोट्या फोनातली आई

टाळ्या मीच वाजवायला लावल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं सांगताना माझी जीभ आडवाटेला जाणार नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी संगणक शिकवते. माहेर देवळाली प्रवराचं, म्हणजे पाटपाण्याचं, उसाचं. लहानपणी आमच्याकडं तोडणी सुरू झाली की ऊसतोडीची माणसं पाटाच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालून राहायची. ती कुठून येतात, मागं कोणाला ठेवून येतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही. नोकरी पाथर्डीकडं लागली आणि त्याच माणसांची पोरं माझ्यासमोर बाकावर येऊन बसली. हंगाम सुरू झाला की आईबाप जातात आणि पोरं चुलत्याकडं, मावशीकडं राहून शाळा करतात.

जाताना आईबाप घरात एक फोन ठेवून जातात. आधारला आणि बँकेला जोडलेलं सिमकार्ड त्यात असतं, कारण फडात फोन टिकत नाही, पाचटात पडतो नाहीतर ट्रॉलीच्या चाकाखाली जातो. आईबापांजवळ दुसरा एखादा फोन असतो, तोही बहुतेक वेळा चार्जिंग संपलेला. मग फडावरून फोन येतो तो कोणाच्याही नंबरवरून. कधी मुकादमाच्या, कधी ट्रॅक्टरवाल्याच्या, कधी चहाच्या टपरीवाल्याच्या. "आता एक नंबर येईल, सांग बरं." पोरगी आलेला ओटीपी वाचून दाखवते आणि तिकडं रेशनचं किंवा कसल्या तरी कार्डाचं काम होतं. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' असं मी वर्गात म्हटलं तेव्हा निम्मी पोरं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ओटीपी सांगणं हे त्यांचं घरकाम होतं, पाणी भरण्यासारखं.

मी कपाळावर हात मारून घेतला. मी मुळात तापट. घरात सगळे म्हणतात, हिच्या नाकावर राग बसलेलाच असतो. म्हटलं, फळ्यावर लिहून ह्यांच्या डोक्यात काही शिरायचं नाही, आता प्रात्यक्षिकच घेते.

मुख्याध्यापकांची परवानगी घेतली. पहिल्या आठवड्यात शिष्यवृत्तीची खोटी लिंक पाठवली. ती दाबली की मोठ्या अक्षरात 'फसलात की हो!' असं यायचं. पोरं फसली, हसली, मजा झाली. दुसऱ्या आठवड्यात फोन. त्यासाठी देवळालीच्या माझ्या भावाला कामाला लावलं. गणपतीत नाटकं करून त्याला आवाज बदलायची सवय होती. मी त्याला एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. पहिली, मी मुकादमाचा माणूस बोलतोय. दुसरी, तुझ्या बापाचा फोन बंद पडलाय. तिसरी, तुझ्या आईला दवाखान्यात आणलंय. चौथी, आता नंबर येईल तो सांग, लवकर.

तिसरी ओळ लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. म्हटलं, हीच बरोबर लागणार. आणि लागलीच.

नववीतली एक मुलगी होती. उंच, बोलायला कमी, वही मात्र आरशासारखी स्वच्छ. चुलत्याकडं राहायची. आईबाप तोडणीला काष्टीच्या बाजूला. भावानं तिला फोन केला, मी माझ्या मोबाईलवरून सहा आकड्यांचा मेसेज टाकला, आणि तिनं तो वाचून दाखवला. भाऊ नंतर मला म्हणाला, "ताई, आकडे सांगायच्या आधी तिनं तीनदा विचारलं गं, आईला काय झालंय म्हणून. मला कसंतरीच झालं."

"चोराला नसतं होत कसंतरी," मी म्हणाले.

सोमवारी वर्गात मी तिला उभं केलं. "घ्या! ह्या बाईसाहेबांनी एका फोनवर घरदार देऊन टाकलं!" पोरं खिदळली. मला तर चेवच आला. कोणी रडू दे, कोणी दवाखाना म्हणू दे, कोणी अपघात म्हणू दे, जितकी घाई तितका चोर पक्का. फोन कट. परत आला, परत कट. मग नंबर ब्लॉक. "कळलं का?" ती मान खाली घालून म्हणाली, "व्हय मॅडम." तिचे कान लालबुंद झालेले मला दिसले होते. दिसले, आणि मी पुढचा धडा काढला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस झाले असतील. गुरुवार होता, तिसरा तास माझा. मी हजेरी घ्यायच्या आधीच ती मुलगी आपणहून उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदा.

"मॅडम, फोन आल्ता! सकाळी शाळंच्या वाटंवर. तसाच, डिट्टो! चारदा आला. मी चारीबी येळा कट केला, ब्लॉक केला. न्हाई दिला म्या नंबर!"

तिचा चेहरा असा फुललेला मी कधी पाहिला नव्हता. मला तर काय करू आणि काय नको असं झालं. "ह्याला म्हणतात शिकणं!" मी ओरडलेच. "वाजवा टाळ्या!" सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. तिनं त्या सगळ्या उभ्यानं घेतल्या.

टाळ्या थांबल्यावर मी म्हटलं, "काय काय म्हणत होता चोर? सांग सगळ्यांना."

"म्हनला, मी ट्रॅक्टरवाला बोलतोय. तुझ्या आईचं पोट लई दुखतंय, नगरला दवाखान्यात आनलंय. आपरेशनसाठी सरकारी कार्डाचं काम हाय, आधारचा नंबर येईल त्यो सांग. मी कट केला. मग परत म्हनला, आगं पोरी, तुझ्या आईचा अंगठा मशीन घेईना, म्हनून नंबर पायजे. मी परत कट केला."

पोरं हसली. मी नाही हसले.

उन्हाळ्यात ही माणसं परत आली की रेशनच्या दुकानात मी पाहिलेलं आहे. कोयता धरून धरून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन तीन-तीनदा नाही म्हणतं, मग माणूस अंगठा धोतराला नाहीतर पदराला पुसून पुन्हा ठेवतो. माझ्या कागदावर अंगठा नव्हता. मला तो सुचलाच नसता. हे बोलणाऱ्यानं एकतर ऊस तोडणाऱ्यांचे हात जवळून बघितलेत, किंवा तो खरोखर दवाखान्याच्या खिडकीशी उभा आहे.

"किती वाजता आला होता फोन?"

"साडेनऊला."

आता साडेअकरा होऊन गेले होते. "मग लगेच का नाही सांगितलंस गं?"

ती गोंधळली. "तुमच्या तासाला सांगायचं हुतं. समद्यांफुडं."

सगळ्यांपुढं तिला मी उभं केलं होतं, म्हणून सगळ्यांपुढंच तिला ते फेडायचं होतं. दोन तास ती माझ्या तासाची वाट बघत बसली होती.

तिला घेऊन मी ऑफिसात पळाले. पोरांचे फोन तिथं जमा असतात. तिचा फोन चालू केला. आधारचे तीन मेसेज येऊन पडलेले, तिन्हींची मुदत संपलेली. त्यावरून काही ठरत नव्हतं, चोरालाही असे मेसेज पाठवता येतात. बापाचा फोन लावला, बंद. तिनं ब्लॉक काढून तो नंबर मला दिला आणि मी तो माझ्या मोबाईलवरून लावला.

"कोन?"

"मी शाळेतून मॅडम बोलतेय, त्या मुलीच्या..."

"आवो मॅडम, त्या पोरीला सांगा की! सकाळधरनं बोंबलतोय मी! नुस्तं सलाईन लावून ठिवलंय, कार्ड मंजूर झाल्याबिगर आपरेशनला घेत न्हाईत. बाप कागदं गोळा करत पळतोय. आन् खिडकीवरचा मानूस म्हनतो, मी आता जेवायला जानार."

"तिच्या आईला फोन द्या."

"ती आत हाय, मी हितं खिडकीवर हाय!"

"मग तुम्ही खरे कशावरून?"

तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमाला आय हाय का न्हाई?" आणि त्यानं फोन ठेवला.

मी परत लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. मुख्याध्यापक माझ्याकडं बघत होते, मुलगी माझ्याकडं बघत होती. 'देऊन टाक' म्हणावं आणि तो चोर निघाला, तर त्या घराचं जे काही होतं ते सगळं त्या एका सिमकार्डाला बांधलेलं. 'देऊ नको' म्हणावं आणि तो खरा निघाला, तर आई. मी पोरांना फोन कट करायला शिकवलं होतं. खरं कसं ओळखायचं हे शिकवलंच नव्हतं, कारण ते मलाच येत नव्हतं.

तेवढ्यात तिच्याच फोनची रिंग वाजली. तोच नंबर. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं स्वतःच फोन घेतला, स्पीकर चालू केला आणि एकेक शब्द ठेवत म्हणाली, "आईला द्या. आईला दिल्याबिगर मी काय बी सांगनार न्हाई."

शिव्या ऐकू आल्या. मग चपलांचा आवाज, एक दार, कोणाचं तरी कण्हणं. आणि एक बारीक, ओढलेला आवाज. "बाय..."

कोणत्याही बाईचा असू शकेल असा. मुलीनं डोळे मिटून ऐकलं, पण तिलाही खात्री पटेना. मी तिच्या कानाशी म्हणाले, "कागदावर नाही असं काहीतरी विचार."

तिनं विचारलं, "मी जलमले कुटं?"

शाळेच्या दाखल्यावर तिचं जन्मगाव हेच, पाथर्डी तालुक्यातलं. कोणत्याही चोरानं हेच सांगितलं असतं.

मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले. मी मनात म्हणत होते, बोल बाई, काहीतरी बोल.

"काष्टीच्या आलीकडं," आवाज आला. "रस्त्यावं. ट्रॅक्टर थांबिवला हुता... तुझ्या मावशीनं लुगडं आडवं धरलं हुतं. आसं का इचारती गं बाय? मी हाय की."

मुलीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण आवाज तसाच राहिला. "नंबर पाठवायला लावा," ती म्हणाली. मेसेज आला. तिनं सहा आकडे एकेक करून वाचले, मग पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचले. पलीकडून कोणीतरी "झालं, झालं" म्हणालं आणि फोन बंद झाला. तेव्हा कुठं ती ऑफिसच्या फरशीवर बसली. मी तिच्या शेजारी बसले. साडीची, पदाची कसलीच शुद्ध नव्हती मला.

दुपारी चारला बापाचा फोन आला, आत घेतलंय. अंधार पडायच्या आधी दुसरा आला, झालं आपरेशन. अपेंडिक्स फुटलं होतं म्हणे. ते सकाळी साडेनऊच्या आधी फुटलं की नंतर, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या प्रश्नाची मला आजही भीती वाटते.

मग मी प्रात्यक्षिक बदललं. प्रत्येक पोरानं आईबापांशी बोलून एक प्रश्न ठरवायचा, ज्याचं उत्तर घराबाहेर कोणालाच माहीत नाही. तो मलाही सांगायचा नाही. पोरांना हे फार आवडलं.

हंगाम संपल्यावर आई शाळेत आली. पार वाळलेली, एक हात पोटावर, दुसरा पोरीच्या खांद्यावर. मी मनात म्हटलं, आता ही मला चार शब्द सुनावणार आणि मी गप ऐकणार. तिनं सुनावलं नाही. बाकावर बसली, चहा घेतला, आणि मग म्हणाली, "मॅडम, तिनं इचारलं ना, मी जलमले कुटं म्हनून, तवा मला वाटलं, मी मेले आन् पोरगी मला वळखंना."

"चुकलं माझं," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत कोणत्याच पालकाला मी हे म्हटलं नव्हतं.

"न्हाई, न्हाई. पोरगी हुशार झाली. पन त्यो तुमचा खोटा फोन आसतो ना, त्यात आई घालू नगा. दुसरं काय बी घाला."

चोर आईला सोडणार नाहीत, उलट पहिल्यांदा आईच घालतील, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि "बरं" म्हणाले.

भावाकडून परत घेऊन ठेवलेला तो चार ओळींचा कागद मी कपाटातून काढला. "काय लिवलंय?" आईनं विचारलं. तिला वाचता येत नाही. मुलीनं कागद हातात घेतला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून, त्या दिवशी आकडे वाचले होते त्याच आवाजात वाचलं, "तुझ्या आईला दवाखान्यात आणलंय."

मग तिनंच माझ्यापुढं पेन धरलं, आणि मी ती ओळ खोडली.